मिकी टेबलापाशी येतो का? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

परदेशप्रवासाच्या या सदराकडे या खेपेस आलेल्या पत्रांत खानदेशातील वाचकांची पत्रे लक्षणीय संख्येने आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा विषय एकच आहे : थीम पार्कमधील अशी उपाहारगृहे, जिथे जेवण चालू असताना मिकी माऊस, सिंड्रेला यांसारखी पात्रे येऊन मुलांना भेटतात. या प्रकाराला तिकडे कॅरेक्टर डायनिंग म्हणतात. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत काही महिने राहायला जाणाऱ्या आजी-आजोबांना नातवंडांच्या हट्टामुळे त्याची ओळख होते, आणि गेल्या काही वर्षांत त्याचे स्वरूप इतक्या वेळा बदलले आहे की एकाच घरातील दोन माणसांचे अनुभव एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून हा अंक या एकाच विषयाला दिला आहे.

प्रश्न : आम्ही २०१९ मध्ये फ्लोरिडात गेलो होतो, तेव्हा ‘शेफ मिकीज्’मध्ये मिकी आणि गूफी आमच्या टेबलापाशी आले, त्यांनी नातीला जवळ घेतले, तिच्या वहीत सह्या केल्या. माझी सून २०२१ मध्ये तिथेच गेली, तर पात्रे लांबूनच हात हलवून निघून गेली आणि बुफेही नव्हता. आता धाकट्या नातवाला न्यायचे आहे. सध्या खरे काय आहे?
— निवृत्त शिक्षिका, जळगाव

उत्तर : बाई, आपला अनुभव आणि आपल्या सूनबाईंचा अनुभव, दोन्ही खरे आहेत. ‘शेफ मिकीज्’ ज्या थीम पार्क आणि हॉटेलांच्या संकुलात आहे, ते वॉल्ट डिस्ने वर्ल्ड करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये बंद झाले आणि ११ जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने उघडले. त्यानंतरच्या काळात पात्रे उपाहारगृहात फिरत असत, परंतु टेबलापासून अंतर राखून. मिठी नाही, सही नाही, आणि छायाचित्र घ्यायचे तर मूल खुर्चीत बसलेले व मिकी मागे दूर उभा, अशा बेताने घ्यावे लागे. बुफेऐवजी ठरावीक पदार्थ टेबलावर आणून दिले जात. सिंड्रेलाच्या किल्ल्यातील उपाहारगृह तर बराच काळ सिंड्रेलाशिवायच चालू होते. आपल्या सूनबाईंनी पाहिले ते हे दिवस.

एप्रिल २०२२ मध्ये मिठी मारणे, जवळ उभे राहून छायाचित्र काढणे हे पुन्हा सुरू झाले आणि त्याच वर्षी ‘शेफ मिकीज्’मधला बुफेही परतला. त्यामुळे आपल्या नातवाला जे मिळेल, ते २०१९ मध्ये आपल्या नातीला मिळाले होते त्याच्या बरेच जवळचे असेल.

सगळेच मात्र जसेच्या तसे परतलेले नाही. रपुन्झेल आणि एरियल या राजकन्यांसोबतची ‘ट्रॅटोरिया अल फोर्नो’ येथील न्याहारी २०२० मध्ये थांबली ती थांबलीच. ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलातील ‘१९०० पार्क फेअर’ चार वर्षे बंद राहून एप्रिल २०२४ मध्ये उघडले, पण त्यातली पात्रे बदलली. पूर्वी तिथे सकाळी मेरी पॉपिन्स आणि ॲलिस असत, आणि रात्री सिंड्रेला, राजपुत्र, सावत्र आई व तिच्या दोन मुली असत. या दोन बहिणी टेबलाटेबलावर जाऊन तोऱ्यात बोलत, मोठ्या माणसांनाही टोमणे मारत, आणि त्या अर्ध्या मिनिटात जेवणाऱ्यांसमोर एक छोटेसे नाटक घडत असे. आता तिथे सिंड्रेलासोबत अलादीन आणि डिस्नेच्या चित्रपटांतील सावळ्या नायिका टियाना व मिराबेल असतात. सावत्र बहिणींच्या जाण्याने त्या उपाहारगृहातील सर्वांत जिवंत गोष्ट गेली, असे माझे स्पष्ट मत आहे; परंतु सावळ्या वर्णाच्या आपल्या मुलींना टियाना आणि मिराबेल समोर येऊन बोलतात तेव्हा त्यांचे चेहरे जसे उजळतात, ते पाहिलेल्या कोणालाही हा बदल निव्वळ तोट्याचा म्हणवणार नाही.

निवड करताना कोणती पात्रे आहेत याइतकेच जेवण कसे वाढले जाते हेही पाहावे, कारण त्यावर भेटीची प्रत अवलंबून असते. ‘शेफ मिकीज्’ किंवा ॲनिमल किंग्डम या पार्कमधील ‘टस्कर हाऊस’ येथे बुफे असतो, म्हणजे ताट घेऊन उठावे लागते, आणि आजोबा नातवाला घेऊन रांगेत उभे असतानाच मिनी टेबलापाशी येऊन जाते, असे हमखास घडते. एपकॉट या पार्कमधील ‘गार्डन ग्रिल’मध्ये पदार्थ मोठ्या थाळ्यांत टेबलावर येतात आणि कोणालाच उठावे लागत नाही. तिथली बसण्याची जागा संथपणे गोल फिरत असते, आणि काही भाज्या त्याच इमारतीतील हरितगृहात पिकवलेल्या असतात. मिकी, प्लूटो आणि चिप-डेल या दोन खारी तिथे फेरी घालतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना मी हेच ठिकाण आधी सुचवीन. तिसरा प्रकार रीतसर क्रमाने वाढल्या जाणाऱ्या जेवणाचा, जसे रिव्हिएरा हॉटेलातील ‘टोपोलिनोज् टेरेस’मधील न्याहारी. येथे मिकी चित्रकाराच्या, मिनी कवयित्रीच्या, डोनाल्ड शिल्पकाराच्या आणि डेझी नर्तकीच्या वेषात असते. इथेही जागेवर बसून राहता येते.

आरक्षण करताना एकच प्रश्न आवर्जून विचारावा : सर्व पात्रे प्रत्येक टेबलापाशी येतात का, की एखादे पात्र दाराशी छायाचित्रापुरतेच उभे असते? दर घेतला जातो तो या भेटीचा. अन्न त्या मानाने साधारण असते, आणि ज्यांनी हे आधी समजून घेतले ते समाधानाने परत येतात.

एक शेवटची गोष्ट. पार्कच्या आतील उपाहारगृहासाठी त्या दिवसाचे पार्कचे तिकीटही लागते. हॉटेलांतील उपाहारगृहांसाठी, म्हणजे ‘शेफ मिकीज्’, ‘१९०० पार्क फेअर’, ‘टोपोलिनोज् टेरेस’ यांसाठी, ते लागत नाही. दिवसभर उन्हात चालणे ज्यांना झेपत नाही, त्यांना नातवाचा आनंद पाहण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

प्रश्न : आरक्षण भारतातून करता येते का, आणि किती आधी?
— रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : करता येते. पूर्वी डिस्ने वर्ल्डमधील टेबल १८० दिवस आधी धरून ठेवता येत असे. आता ती मुदत ६० दिवसांची आहे. आपल्या रेल्वेनेही १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० वरून ६० दिवसांवर आणली, त्यामुळे आपल्याला हिशेब नवीन नाही, आणि खिडकी उघडताच जागा संपतात हा अनुभवही नवीन नाही. संकेतस्थळावरील आरक्षण तिथल्या सकाळी ६ वाजता खुले होते, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी ३.३० आणि हिवाळ्यात ४.३० वाजता. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या दहा दिवसांपर्यंतची सगळी आरक्षणे पहिल्याच दिवशी करता येतात, आणि सिंड्रेलाचा किल्ला बाहेरच्यांना चटकन मिळत नाही याचे हेच कारण आहे.

आरक्षणासाठी क्रेडिट कार्ड लागते. बेत बदलला तर दोन तास आधीपर्यंत रद्द करावे. न कळवता गैरहजर राहिल्यास माणशी १० डॉलर कापले जातात. मात्र यामुळेच आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळीही रद्द झालेली टेबले मोकळी होतात. पहिल्या प्रयत्नात न मिळाल्यास निराश न होता तेव्हा पुन्हा पाहावे.

प्रश्न : आमचे कुटुंब जैन आहे. कांदा, लसूण, बटाटा आणि अंडे आम्ही खात नाही. अशा ठिकाणी आम्ही काय खावे?
— गृहिणी, जळगाव

उत्तर : २०१९ पासून डिस्नेच्या खाद्ययादीत पूर्णतः वनस्पतिजन्य पदार्थांपुढे पानाचे चिन्ह असते. त्यामुळे मांस, अंडे, दूध यांबाबतची शंका मिटते, पण कांदा-लसणाची मिटत नाही, कारण तिकडच्या बहुतेक वनस्पतिजन्य पदार्थांचा स्वाद त्यांवरच उभा असतो. म्हणून आरक्षण करतानाच ‘कांदा, लसूण, कंदमुळे, अंडी वर्ज्य’ असे स्वतंत्रपणे नोंदवावे आणि टेबलावर बसल्यावर स्वयंपाकप्रमुखांना भेटण्याची विनंती करावी. ही विनंती तिथे कोणाला गैर वाटत नाही. ते स्वतः येऊन बोलतात आणि शक्य असेल तर वेगळे करून देतात.

जिथे आपली माणसे नकळत फसतात अशा जागा आधीच सांगून ठेवतो. मिकीच्या आकाराचे वॅफल दिसायला निरुपद्रवी असले तरी नेहमीच्या वॅफलमध्ये आणि पॅनकेकमध्ये अंडे असते. वनस्पतिजन्य वॅफल मागितल्यास बहुधा मिळते. मार्शमेलो आणि काही थंड गोड पदार्थांत जिलेटिन असते, जे प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून बनते. काही प्रकारच्या चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले विरजण वापरलेले असते. बुफेत शाकाहारी पदार्थाचा चमचा शेजारच्या मांसाहारी भांड्यात जाऊन आलेला असू शकतो, आणि हे आपण कितीही सावध असलो तरी टाळता येत नाही. त्यामुळे आपल्या कुटुंबाने बुफे टाळावा आणि जागेवर वाढणारे ठिकाण निवडावे, हे माझे ठाम मत आहे. ‘टस्कर हाऊस’मध्ये आफ्रिकी आणि भारतीय धाटणीचे मसालेदार पदार्थ असतात म्हणून आपली माणसे तिकडे ओढली जातात, पण तो बुफे आहे हे विसरू नये.

पार्कमध्ये स्वतःपुरते खाद्यपदार्थ नेण्यास परवानगी आहे. फक्त काचेची भांडी चालत नाहीत आणि गरम करून मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. दशम्या, खाकरा, मेथीचे ठेपले बरोबर असतील तर पोटाची काळजी राहत नाही, आणि मग उपाहारगृहात फळे, भात, कोशिंबीर एवढे घेऊनही मुलांसोबत आनंदाने बसता येते.

प्रश्न : सहा माणसांना एकूण खर्च किती येईल? छापील दर आणि प्रत्यक्ष बिल यांत फार फरक पडतो, असे ऐकतो.
— कापड व्यापारी, चाळीसगाव

उत्तर : आपण ऐकता ते बरोबर आहे. दर माणशी ठरलेला असतो, मग कोणी चार घास खावो वा पोटभर. न्याहारी जेवणापेक्षा स्वस्त असते आणि सुट्ट्यांच्या काळात दर चढतात. तीन वर्षांखालील मुलांना दर नाही, ३ ते ९ वर्षांच्या मुलांना बालदर असतो, आणि १० वर्षे पूर्ण झालेले मूल प्रौढ गणले जाते. आपल्याकडील बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो.

उदाहरणादाखल प्रौढाचा दर ६० डॉलर आणि मुलाचा ४० डॉलर धरू. आजी-आजोबा, आई-वडील, ११ वर्षांची नात आणि ५ वर्षांचा नातू असे सहा जण गेले, तर पाच प्रौढांचे ३०० आणि एका मुलाचे ४०, असे ३४० डॉलर झाले. त्यावर तिथला ६.५ टक्के विक्रीकर, म्हणजे २२ डॉलर १० सेंट. सहा किंवा अधिक माणसे असली की १८ टक्के टीप बिलातच लावली जाते, म्हणजे ६१ डॉलर २० सेंट. एकूण ४२३ डॉलर ३० सेंट. डॉलर ८५ रुपयांचा धरल्यास सुमारे ३६ हजार रुपये. माणसे सहापेक्षा कमी असली तरी टीप द्यावी लागतेच, ती फक्त आपल्या हाताने लिहायची असते.

वृद्धांचे खाणे थोडे आणि दर पूर्ण, ही गोष्ट मला खटकते. पूर्वी काही ठिकाणी आपल्याला हवा तो एकच पदार्थ मागवता येत असे. हळूहळू ती सोय जाऊन सरसकट ठरावीक दर आले आणि त्यामुळे मध्यमवर्गीय एकत्र कुटुंब या अनुभवातून बाहेर ढकलले जाते आहे, असे मला वाटते. यावर माझा सल्ला असा की सर्वांनी जाण्याचा आग्रह धरू नये. पार्कमध्ये ठिकठिकाणी रांगेत उभे राहून हीच पात्रे तिकिटाच्या पैशांतच भेटतात. तो मार्गही पुरेसा आनंदाचा आहे.

प्रश्न : आमची साडेतीन वर्षांची नात गणपतीत वेष घेऊन आलेल्या माणसालाही घाबरते. तिला न्यावे का?
— आजोबा, शहादा

उत्तर : न्यावे, पण तिच्या कलाने. मोठ्या डोक्याचे मुखवटे घातलेली पात्रे बोलत नाहीत, फक्त हातवारे करतात, आणि लहान मुलांची भीती बहुधा या मुकेपणाची असते. सिंड्रेला, टियाना यांचे चेहरे उघडे असतात आणि त्या गोड बोलतात, त्यामुळे पहिली भेट अशा पात्राशी घडवावी. तिला भिंतीकडच्या खुर्चीत बसवावे, आणि टेबल दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याला सुरुवातीलाच सांगून ठेवावे. पात्रांबरोबर एक मदतनीस असतो. तो इशारा करतो आणि पात्र दोन हात लांब थांबते. वाइल्डरनेस लॉजमधील स्नो व्हाइटच्या जेवणात दुष्ट राणीही असते, ते ठिकाण तूर्त टाळावे. आणि पैसे भरले आहेत म्हणून छायाचित्रासाठी रडत्या मुलीला पुढे ढकलू नये, ही कळकळीची विनंती.

प्रश्न : अमेरिका आम्हाला परवडणारी नाही. जवळपास असे कुठे आहे का?
— प्राध्यापक, अमळनेर

उत्तर : हाँगकाँगच्या डिस्नेलँड हॉटेलातील ‘एन्चांटेड गार्डन’, टोकियोच्या ॲम्बॅसेडर हॉटेलातील ‘शेफ मिकी’ आणि शांघायच्या किल्ल्यातील ‘रॉयल बँक्वेट हॉल’ ही आशियातील प्रमुख नावे आहेत. टोकियोचे आरक्षण एक महिना आधी, आपल्या सकाळी ६.३० वाजता खुले होते, आणि जपानमध्ये टीप देण्याची पद्धतच नाही. शाकाहाराच्या दृष्टीने मात्र टोकियो अवघड आहे, कारण सूप आणि आमट्यांमध्ये माशांचा अर्क असतो आणि तो दिसून येत नाही.

प्रश्न : मुंबई–आग्रा महामार्गालगत आमचे कृषी पर्यटन केंद्र आहे. हिवाळ्यात भरीत-पार्टीला पुष्कळ कुटुंबे येतात. जेवणाच्या वेळी मिकी माऊस आणि छोटा भीम यांचे पोशाख घालून माणसे फिरवावीत, असा विचार आहे. भाड्याने पोशाख सहज मिळतात. काही अडचण येईल का?
— केंद्रचालक, धुळे जिल्हा

उत्तर : अडचण येऊ शकते, आणि पोशाख भाड्याने मिळतो म्हणून ते पात्र वापरण्याचा हक्क मिळत नाही. अशा पात्रांना १९५७ चा कॉपीराइट कायदा आणि १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा यांचे संरक्षण असते. व्यवसायासाठी, म्हणजे गिऱ्हाईक यावे म्हणून, ती वापरायची तर मालकाची परवानगी लागते. १ जानेवारी २०२४ रोजी मिकीचे १९२८ मधील पहिले कृष्णधवल रूप अमेरिकेत सर्वांना खुले झाले, ही बातमी वाचून अनेकांचा गैरसमज झाला. ते त्या जुन्या रूपापुरते आणि अमेरिकेच्या कायद्यानुसार आहे. व्यापारचिन्हाचा हक्क तिथेही शाबूत आहे. नाव किंवा रूप थोडे बदलूनही सुटका होत नाही. ‘नागराज’ या चित्रकथेतील नायकासारखाच ‘नागेश’ काढणाऱ्या प्रकाशकाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने निर्णय दिला, तो या बाबतीत लक्षात ठेवावा.

मुळात आपल्याला उसन्या पात्रांची गरजच का असावी? खानदेशात रायरंद दारोदार येत असत. आज पोलीस, उद्या सावकार, परवा आणखी कोणी, असा वेष पालटून ते अंगणात उभे राहत, घरच्यांची नावे गुंफून बोलत आणि हसवून जात. डिस्नेच्या सावत्र बहिणी जे करत होत्या, ते हेच. ही कला जाणणारी माणसे अजून आहेत. त्यांना सन्मानाने बोलवा, मानधन ठरवून द्या आणि पंगतीत फिरू द्या. शिवाय स्वतःचे एखादे पात्र घडवता येईल. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. शेतात वांगी भाजत असताना एक मिश्कील ‘वांगेमामा’ टेबलाटेबलावर येऊन मुलांना बी पेरण्यापासून भरीत होईपर्यंतची गोष्ट अहिराणीत सांगू लागला, तर पुण्या-मुंबईची मुलेसुद्धा ती ऐकत बसतील. त्याचे चित्र आणि नाव आधी नोंदवून घ्या, म्हणजे उद्या कोणी त्याची नक्कल केली तर कायदा आपल्या बाजूने असेल.

व्यवस्थेच्या बाबतीत थीम पार्ककडून घेण्यासारख्या गोष्टी आहेत. पात्राने प्रत्येक टेबलापाशी जावे आणि एकही मूल सुटू नये, यासाठी सोबत एक माणूस हवा. तोच मुखवट्याआतल्या कलावंताच्या प्रकृतीकडेही पाहतो. आपल्याकडे हे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे, कारण जाड पोशाखात हवा खेळत नाही आणि जळगाव-भुसावळचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जातो. मार्च ते जून या काळात पूर्ण मुखवट्याचा पोशाख कोणालाही घालायला लावू नका. हिवाळ्यातही फेऱ्या लहान ठेवा, मध्ये सावलीत बसायला जागा आणि पाणी द्या, आणि प्रत्येक वापरानंतर पोशाख आतून धुऊन वाळवा. या कामाला गावातली गरजू मुले येतील. त्यांची काळजी घेणे ही सर्वस्वी चालकाची जबाबदारी आहे.

प्रश्न : मला पात्रांच्या सह्या जमवायच्या आहेत. वही कशी न्यावी?
— विद्यार्थिनी, इयत्ता सहावी, नंदुरबार

उत्तर : जाड पुठ्ठ्याची, स्पायरलची वही ने, म्हणजे ती उघडी ठेवायला हात लावावा लागत नाही. पेन जाड दांड्याचे हवे, कारण मिकी आणि गूफी यांच्या हातात मोठे मोजे असतात आणि बारीक बॉलपेन त्यांना धरता येत नाही. पाने एका बाजूनेच वापर, कारण मार्करची शाई मागे उमटते. काही वेळा वहीत सही करण्याऐवजी सही छापलेले कार्ड हातात देतात. ते चिकटवायला मागे दोन-चार पाने कोरी ठेव. पात्र टेबलाकडे येताना दिसले की वही उघडून तयार राहा आणि सही चालू असताना त्याच्याशी बोल. बाकीच्या टेबलांनाही त्याला भेटायचे असते, त्यामुळे तुझ्या वाट्याला मिनिटभरच येईल.